ओवाळणी आणि वाटा

एकदा एक पानमळेवाला वारला. मागे नागवेलीचा मळा, विहीर, दोन मुलगे आणि त्यांच्याहून मोठी, परगावी दिलेली एक मुलगी. मुलगे वाईट नव्हते. पण वाटणी म्हटली की भल्याभल्यांची मती फिरते. थोरल्याने पाडलेले वाटे धाकटा मोडी. तीन दिवसांत दोघांचे बोलणे बंद झाले, तेव्हा गावातील वृद्ध गुरुजींना बोलावणे गेले. ते शिष्यासह आले.

गुरुजींनी बहिणीविषयी विचारले. तिचे लग्न थाटात करून दिले, विषय तिथेच संपला, असे दोघे म्हणाले. त्या एकाच बाबतीत त्यांचे एकमत होते.

गुरुजींनी वाद घातला नाही. “मग तिलाच बोलवा. तीच वाटे पाडील,” एवढेच म्हणाले. शिष्य चक्रावला. जिला डावलले तिच्याच हाती वाटणी द्यायची, हा कोणता न्याय?

बहीण आली. भावांची तोंडे पाहून म्हणाली, “लहानपणी पेरूवरून भांडायचात, तेव्हा निदान बोलत तरी होतात.” मग पदर खोचून मळ्यात शिरली. खालच्या अंगाला पाणी साचून वेल कुठे कुजतात, विहिरीचा झरा कधी आटतो, हे तिला पाठ होते. अवघे बालपण तिने तिथे पाने खुडली होती. तासाभरात सुतळी ताणून तिने दोन वाटे पाडले. यातला कोणताही चालेल, असे दोघे भाऊ म्हणाले.

ती निघू लागली, तेव्हा गुरुजींनी थांबवले. “बाळ, आता तीन वाटे पाड.”

ती संकोचली. “मला कशाला? भाऊबीजेला दोघे भरभरून घालतात की.”

“ओवाळणी भाऊ देतो. वाटा बाप देऊन गेला आहे,” गुरुजी म्हणाले. “आणि जिच्या न्यायावर या दोघांचा एवढा विश्वास, तिच्यावरच अन्याय करून यांना त्या मळ्याचे पान गोड लागेल, असे मला वाटत नाही.”

धाकट्याने वाकून सुतळी सोडली आणि टोक बहिणीच्या हाती दिले. “नीट मोज, ताई,” तो म्हणाला. “नेहमीसारखं आम्हाला जास्त देऊ नकोस.” थोरला मान वळवून डोळे पुसत होता.

परतीच्या वाटेवर घर जवळ आले तेव्हा शिष्याने गुरुजींकडे दोन दिवसांची रजा मागितली. त्यालाही एक बहीण होती.