अंडं खाणारा बाप

खूप खूप वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा मासे बोलत असत, आणि माणसं अधूनमधून ऐकतही असत.

समुद्रकाठच्या एका राज्यात एक राणी होती. तिचा न्याय झटपट म्हणून नावाजलेला. सकाळी तक्रार आली की दुपारच्या जेवणाआधी निकाल. साक्षीदाराने डोळ्यांनी पाहिलंय ना, मग आणखी काय विचारायचं? "हातच्या कांकणाला आरसा कशाला?" असं ती म्हणे, आणि सगळा दरबार माना डोलवी. दरबाराला दुसरं काम तरी काय असतं?

एकदा तिने एका तांडेलाला हद्दपार केलं होतं. वादळात, एकामागे एक दोराने बांधलेल्या होड्या घेऊन तो बंदराकडे येत होता. वाटेत त्याने मालाने भरलेल्या शेवटच्या होडीचा दोर कापला आणि होडी बुडाली. ज्याचा माल गेला त्या व्यापाऱ्याने तक्रार केली. दोर कापताना सगळ्यांनी पाहिलं होतं. तांडेल काही बोलायला गेला, पण जेवणाची वेळ झाली होती.

राणीच्या महालात काचेचा हौद होता. त्यात समुद्राचं पाणी, एक समुद्रफूल, आणि त्या फुलाच्या आसऱ्याने राहणारी विदूषक माशांची जोडी. नारिंगी अंग, त्यावर पांढरे पट्टे. ही जात त्या किनाऱ्यावर आता उरली नव्हती. राणीनेच बांधलेल्या नव्या धक्क्याखाली त्यांचा खडक गाडला गेला होता. ही जोडी गेली की वंश संपला. राणीच्या मनाला ते लागून राहिलं होतं, म्हणून रोज ताजं पाणी ती स्वतःच्या हाताने हौदात घाली.

एके दिवशी जोडीने एक चपटा दगड घासूनपुसून लख्ख केला आणि मादीने त्यावर केशरी अंडी घातली. राणीला इतका आनंद झाला की त्या दिवशी ती जेवायलाही उशिरा गेली.

नराने अंड्यांपाशी ठाण मांडलं. आपल्या परांनी तो त्यांना सारखा पाण्याचा वारा घाली. पण एका सकाळी राणीने पाहिलं, त्याने एक अंडं तोंडात धरलं आणि गिळून टाकलं. थोड्या वेळाने आणखी एक.

"कुंपणच शेत खातंय," राणी म्हणाली. तिने जाळीने नराला उचललं आणि वेगळ्या काचेच्या भांड्यात टाकलं. तो काचेला तोंड लावून काहीतरी सांगू लागला, तोवर राणीने पाठ फिरवली होती.

दुसऱ्या दिवशी एका अंड्यावर पांढरी बुरशी दिसली. मग शेजारच्यावर, मग त्याच्या शेजारच्यावर. मादी एकटी किती धावणार? बघता बघता सगळा दगड पांढरा झाला.

राणी हौदाशी बसून रडली. मग तिच्या मनात आलं, चोर तर कोठडीत होता, मग अंडी गेली कशी? ती भांड्यापाशी गेली आणि आयुष्यात पहिल्यांदा तिने आरोपीला विचारलं, "तू ती अंडी का खात होतास?"

"नासलेली होती, राणीसाहेब," नर म्हणाला. "नासकं अंडं ठेवलं तर ते शेजारचंही नासवतं. मला काय हौस होती? लेकरंच ती माझी. पण बाकीची जगायला हवी होती."

"मग तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"सांगत होतो. तुमची पाठ होती माझ्याकडे."

राणीला फार लाज वाटली. तिच्याच मुदपाकखान्यात आंब्याच्या अढीतून नासका आंबा रोज काढला जाई, आणि काढणाऱ्याला कुणी कधी दोष दिला नव्हता.

तिने नराला हौदात सोडलं. काही दिवसांनी जोडीने पुन्हा दगड घासला, पुन्हा अंडी आली. नर पुन्हा एखादं अंडं गिळू लागला. दर वेळी राणीचा हात जाळीकडे जाई, आणि दर वेळी ती तो मागे घेई. हळूहळू अंड्यांत चंदेरी डोळे दिसू लागले.

"आज दिवे मालवा," नर म्हणाला. "ही पोरं अंधारातच बाहेर येतात."

राणीला ते बघायची फार इच्छा होती. तरीही तिने दिवे मालवले आणि दार लोटून घेतलं. सकाळी हौदात बारीक बारीक ठिपके पोहत होते.

त्याच दिवशी तिने तांडेलाला बोलावणं धाडलं. तो आला. वर्षभरात त्याचे केस पिकले होते.

"तू दोर का कापलास?" राणीने विचारलं.

तांडेलाने हात जोडले. "होडीच्या तळाला भोक पडलं होतं, सरकार. ती बुडताना पुढच्या होड्यांना माणसांसकट ओढून नेत होती." मग तो हळूच म्हणाला, "आणि ती होडी माझीच होती."

राणी सिंहासनावरून खाली उतरली आणि तिने भरल्या दरबारात त्याची क्षमा मागितली. त्याला नवी होडी मिळाली. पिल्लं मोठी झाल्यावर त्याच होडीतून ती दूरच्या एका खडकावर सोडण्यात आली. आणि त्यानंतर त्या राज्यात जेवणाआधी निकाल कधी लागला नाही. दरबाराला उशिरा जेवायची सवय झाली.

तात्पर्य: डोळ्यांना कृती दिसते, कारण दिसत नाही, ते विचारावं लागतं.