मनगटावरची कोरडी जागा

एकदा एका आईला आपल्या तान्ह्या मुलाच्या मरणाची भीती वाटली. अशी भीती कोणत्या आईला वाटत नाही? पण ही आई यवनांच्या, म्हणजे प्राचीन ग्रीकांच्या, देशातली एक जलदेवी होती आणि मुलाचा बाप साधा मर्त्य माणूस. स्वतः अमर असलेल्या त्या देवीला, हे पोर एक दिवस आपल्या डोळ्यांदेखत जाणार, हे सोसवेना. तिने त्याचे डावे मनगट घट्ट धरले आणि पाताळातल्या एका झऱ्यात त्याला बुडवून काढले. पाणी लागले तिथली कातडी अभेद्य झाली. मनगटावर आईची बोटे होती, तेवढी जागा मात्र कोरडी राहिली. यवनांच्या कथांतल्या अशा बहुतेक वीरांच्या अंगावर कुठेतरी बोटभर जागा राहिलेलीच असते.

मुलाचे नाव थेरॉन. तो मोठा झाला तेव्हा नगराने त्याला शस्त्रविद्येसाठी एका वृद्ध आचार्यांकडे धाडले. आचार्यांचे अंग जुन्या जखमांच्या वणांनी भरलेले होते आणि एक गुडघा वाकत नसे. पण त्यांच्या हाताखालून गेलेला माणूस रणातून पळाल्याचे कोणी ऐकले नव्हते. थेरॉनला त्यांच्याविषयी आदर वाटे, आणि खरे सांगायचे तर थोडी कीवही वाटे. इतके घाव खाल्लेला माणूस आपल्याला काय शिकवणार, असे त्याच्या मनात येई.

त्या नगराची लढण्याची एक रीत होती. माणसे खांद्याला खांदा लावून रांगेत उभी राहत. भाला उजव्या हातात, मोठी गोल ढाल डाव्या हातात. ढाल इतकी रुंद, की तिचा निम्मा भाग धरणाऱ्याच्या पुढे येई आणि उरलेला भाग डावीकडच्या सोबत्याची उजवी कूस झाकी. प्रत्येकाची उजवी कूस अशी शेजाऱ्याच्या भरवशावर असे.

थेरॉनला ही ढाल नकोशी होई. त्याच्या अंगाला कुठे काही दुखतच नसे. दुखे ते एकटे मनगट, कारण ढालीचा चामडी पट्टा नेमका तिथे रुते. एवढा अभेद्य वीर आणि पट्ट्याने फोड येतो! ही लाज त्याने कोणाला सांगितली नव्हती. पहिल्याच लढाईत त्याने मनगटावर जाड कडे चढवले, ढाल फेकून दिली आणि एकटाच शत्रूत घुसला. भाल्यांची पाती त्याच्या छातीवर वाकली. शत्रू पळाला. नगराने त्याला डोक्यावर घेतले आणि त्याला आकाश ठेंगणे झाले.

काही काळाने तोच शत्रू अधिक सैन्य घेऊन परतला. लढाईच्या आदल्या दिवशी सगळे नगर मैदानावर जमले. आचार्यांनी थेरॉनला पुढे बोलावले. त्याचे कडे उतरवले. भाला काढून घेतला, तलवारही काढून घेतली. मग एक जड ढाल त्याच्या हातात चढवून ते म्हणाले, "उद्या तुझ्याकडे एवढंच."

लोकांनी तोंडात बोटे घातली. म्हाताऱ्याला चळ लागला, असे कोणी कुजबुजलेही.

थेरॉनचा चेहरा लाल झाला. "आचार्य, माझ्या अंगावर वार चालत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. मग ढाल कशाला? आणि झाकायची ती एकच जागा, तर तीच उघडी करता?"

"मागच्या लढाईत तुझ्या डाव्या हाताला कोण उभा होता रे?"

थेरॉनला आठवेना. त्याने कधी वळून पाहिलेच नव्हते.

आचार्यांनी गर्दीतून एकाला हाक मारली. तेलाच्या घाण्यावर काम करणारा निकांदर पुढे आला. आचार्यांच्या खुणेसरशी त्याने संकोचत अंगरखा वर केला. उजव्या कुशीत भाल्याची जखम होती, अजून पुरती न भरलेली.

"तुझी ढाल गेली तेव्हाची," निकांदर म्हणाला. "पण लढलास मात्र झकास, हो! उद्याही मी तुझ्या डावीकडंच आहे. माझी जागाच ती."

थेरॉनची मान खाली गेली. आचार्यांचा आवाज मऊ झाला.

"बाळा, याला मरण आहे आणि ते याला ठाऊक आहे. घरी लेकरं आहेत. तरी हा त्याच जागी उभा राहणार. माझं मस्तक याच्यापुढं लवतं. ही ढाल तुझी नाही, याची आहे. तू फक्त धरायची. आणि मनगटाचं म्हणशील, तर तुझी आई देवी आहे. हात बदलून तेवढी जागा पुन्हा बुडवायला तिला कितीसा वेळ लागला असता? ती विसरली असेल, असं मला वाटत नाही. तेवढा तुकडा तिनं आमच्यासाठी, मरणाऱ्या माणसांसाठी ठेवला."

दुसऱ्या दिवशी थेरॉन रांगेत उभा राहिला. ढालीवर घाव पडू लागले आणि पट्टा मनगटात रुतत गेला. ढाल टाकावी, असे त्याला पुन्हा पुन्हा वाटले. तेवढ्यात ढालीच्या कडेवरून एक पाते आले आणि मनगट चिरून गेले. थेरॉनने आयुष्यात प्रथमच स्वतःचे रक्त पाहिले. मरण म्हणजे काय, ते त्याला त्या क्षणी कळले. डाव्या कानाशी निकांदरचा श्वास ऐकू येत होता. थेरॉनने ढाल खाली येऊ दिली नाही. रांग तुटली नाही, आणि दिवस कलताना शत्रू मागे फिरला.

संध्याकाळी आचार्य त्याच्या मनगटावर पट्टी बांधत होते. बाहेर निकांदर, अंगावर एकही नवा घाव नसलेला, मोठमोठ्याने गप्पा मारत होता.

"दुखतंय, आचार्य."

"दुखणारच."

थेरॉन बराच वेळ गुरूंच्या अंगावरचे वण पाहत राहिला. त्याची जुनी कीव कुठल्या कुठे गेली होती. त्याने हळूच विचारले, "तुमच्या डावीकडं कोण कोण उभं असायचं?"

म्हातारा हसला. मग एकेका वणावर बोट ठेवून तो नावे सांगू लागला. त्यातले बहुतेक जण पुढे म्हातारे होऊन, नातवंडे पाहून, आपापल्या घरी अंथरुणावर शांतपणे वारले होते.