माक्याचा गुण

झाडं जनावरांशी बोलायची त्या काळात सदोबा वैद्यांकडे करडी नावाची एक गाढवीण होती. केस वाढवतो म्हणून नावाजलेल्या माक्याच्या पाल्याची गोणी ती रोज नदीकाठाहून वाहून आणी. दोर घासून घासून तिच्या पाठीवरचे केस पार गेले होते.

लाजेपोटी तीही माका खाऊ लागली. महिने गेले, पाठ तशीच उघडी राहिली. मग नदीला पूर आला, काठ बुडाला आणि दोन महिने गोणी खुंटीलाच टांगलेली राहिली. पाणी ओसरेपर्यंत करडीच्या पाठीवर मऊ, दाट लव आली.

वैद्यांनी तिला भर बाजारात उभं केलं. "बघा माक्याचा गुण," ते ज्याला त्याला सांगत सुटले. मागणी दुपटीने वाढली.

दुसऱ्या दिवशी वैद्य पाला भरत असताना करडी माक्यापुढे मान झुकवून म्हणाली, "तुझे फार उपकार झाले, बाबा."

"माझे कसले?" माका म्हणाला. "मी तर दोन महिने पाण्याखाली होतो. तुझ्या पाठीवर ओझं नव्हतं, एवढंच."

करडी काही बोलणार, तोच वैद्यांनी पहिल्या गोणीवर दुसरी गोणी चढवली.