स्टुलाचे प्रमाणपत्र

कोण्या एका शहरात एक व्यापारी राहत होता. आईच्या स्मरणार्थ त्याने वृद्धांसाठी शुश्रूषागृह काढले होते, आणि तिथल्या प्रत्येक सेविकेचे ऑनलाइन प्रशिक्षण पूर्ण झाले आहे याचा त्याला मोठा अभिमान होता. सगळ्यांची प्रमाणपत्रे प्रवेशद्वाराशी चौकटीत लावलेली होती. चपला काढताना नातेवाइकांना ती दिसत आणि ते निर्धास्त होत. कशाच्या जोरावर, हे कोणी विचारत नसे.

एके दुपारी उज्ज्वला नावाची तरुण सेविका द्वारकाआजींना पेज भरवत होती. अर्धांगवायूनंतर आजींना गिळणे कठीण झाले होते. त्या उशीवर मान टाकून आडव्याच होत्या, आणि उज्ज्वला उभ्याउभ्या घाईने चमचे देत होती. पेज श्वासनलिकेत गेली. आजी काळ्यानिळ्या पडल्या. परिचारिका धावत आली म्हणून त्या वाचल्या. पण त्यानंतर चमचा दिसला की आजी ओठ घट्ट मिटून घेत. डॉक्टर म्हणाले, ‘‘आज तोंडाने काही गेलं नाही, तर उद्या नाकातून नळी घालावी लागेल.’’

व्यापारी संतापला. ‘‘हिला आत्ताच्या आत्ता काढा! शिकवलं नव्हतं असं म्हणायची सोय नाही. प्रमाणपत्र आहे तिचं.’’

आयुष्यभर परिचारिका घडवलेले एक वृद्ध गुरुजी तिथे येत असत. सारे त्यांना अप्पा म्हणत. उज्ज्वलाही अलीकडे त्यांच्याकडे शिकू लागली होती. अप्पांनी तिच्या बाजूने एक शब्द काढला नाही. त्यांनी तिचा फोन मागितला, खाटेजवळचे लाकडी स्टूल ओढले आणि फोन भिंतीला टेकवून त्या स्टुलासमोर भरवण्याच्या पद्धतीचा व्हिडिओ लावला. फोनमधली बाई गोड आवाजात समजावत राहिली. स्टूल ऐकत राहिले. शेवटी प्रश्न आले. पर्यवेक्षिकेने सेविकांच्या ग्रुपवर पाठवून ठेवलेली उत्तरे अप्पांनी बघून बघून दाबली. पडद्यावर ‘अभिनंदन’ झळकले.

‘‘शेठ, या स्टुलाला प्रमाणपत्र द्या,’’ अप्पा म्हणाले. ‘‘आणि उद्यापासून आजींना भरवायला यालाच पाठवा.’’

‘‘अप्पा, तुमच्या वयाचा मान ठेवतो म्हणून ऐकून घेतोय. थट्टा पुरे झाली.’’

‘‘थट्टा मी करतोय? स्टूल निदान शेवटपर्यंत व्हिडिओसमोर होतं. उज्ज्वला, तू कुठे होतीस?’’

उज्ज्वलाने मान खाली घातली. ‘‘व्हिडिओ लावून फोन पाण्याच्या फिल्टरवर ठेवला होता, अप्पा. मी चादरी बदलत होते. मध्येच एका खोलीतून घंटा वाजली, मग दुसरीतून. परत आले तोवर संपला होता. सगळ्याजणी असंच करतो. पर्यवेक्षिका मॅडम म्हणाल्या, महिनाअखेर सगळ्यांच्या नावापुढे हिरवी खूण दिसली पाहिजे.’’

आता मात्र अप्पांचा आवाज चढला. ‘‘ऐकलंत? चूक हिची आहेच. न ऐकलेल्या गोष्टीपुढे हिने ‘समजले’ असं दाबलं, आणि ते आजींच्या जिवावर बेतलं. पण शेठ, फोनमधली बाई खरं तेच सांगत होती. ते ऐकायला हिला एक तास तरी मोकळा दिलात? तुम्हाला शिकलेली माणसं नकोच होती, चौकटी हव्या होत्या! तपासणीला कोणी आलं की त्या दाखवायच्या, आणि काही विपरीत घडलं की तीच चौकट पोरीच्या डोक्यात घालायची. याला शिक्षण म्हणता?’’

‘‘मग काय करू? ही शिकत बसली तर घंटेला कोण जाईल?’’

‘‘तुम्ही.’’

अप्पांनी उज्ज्वलाला रिकाम्या खाटेवर उताणे झोपवले आणि चमचाभर पाणी तोंडात घातले. ती ठसकून उठून बसली.

‘‘आता बसल्या बसल्या घे. हनुवटी जराशी खाली.’’

पाणी अलगद उतरले. मग तिने तोच व्हिडिओ पुन्हा लावला, थांबवत, विचारत. इतक्यात ओसरीपलीकडच्या खोलीतून घंटा वाजली. सवयीने तिचे पाय खाली आले. अप्पांनी व्यापाऱ्याकडे नुसते पाहिले. तो गेला. पलीकडून एका म्हाताऱ्याचा आवाज आला, ‘‘अरे, बघत काय उभा राहिलास? भांडं दे लवकर!’’

संध्याकाळी आजींना उशांच्या आधाराने बसते केले. उज्ज्वला वाटी घेऊन उभी राहिली. आजींनी ओठ मिटले.

‘‘उभी नको राहूस,’’ अप्पा हळूच म्हणाले. ‘‘तुझ्याकडे बघायला त्यांना मान वर करावी लागते.’’

तिने तेच स्टूल पुढे ओढले आणि त्यावर बसली. तिचे डोळे आजींच्या डोळ्यांसमोर आले.

‘‘आजी, चुकले मी. आता घाई नाही.’’

आजी बराच वेळ तिच्याकडे पाहत राहिल्या. मग ओठ किंचित उघडले. तिने चमचा पुढे केला आणि त्यांनी घोट गिळला. उज्ज्वलाने लगेच दुसरा चमचा भरला नाही. ती थांबली.

व्यापारी दारात उभा राहून हे पाहत होता. पुन्हा घंटा वाजली. कोणाला तरी हाक मारायला त्याने तोंड उघडले, आणि मिटले. मग तो स्वतःच वळला.