पाटलीणबाईंची रुंद वाट

फार मागे, एका माळाखाली उंदरांचं गाव होतं. मधोमध दाण्यांचं कोठार आणि त्याला लागून सगळ्यांची बिळं. गावची पाटलीण होती एक जाडजूड घूस. कोठाराकडे जाणाऱ्या वाटेत तिचं अंग अडकायचं, म्हणून तिनं वाट रुंद केली. कडेची बिळं पाडली आणि तिथल्या उंदरांना माळाच्या टोकाला जागा दिली.

मग लांबून येणाऱ्यांची वाटेवर गर्दी झाली. पाटलिणीनं वाट आणखी रुंद केली. आणखी बिळं गेली.

कवडी नावाची उंदरीण दाणे घेऊन टोकाला पोचेपर्यंत तिची पिल्लं उपाशीच झोपलेली असत. एक दिवस ती वाटेतच बसली.

"पाटलीणबाई, वाट पुरे झाली. कोठाराजवळ राहायला जागा द्या."

"जागा कुठून आणू? सगळी वाटेत गेली," घूस म्हणाली. "पण तुझे हाल मला बघवत नाहीत गं. उद्यापासून वाट अजून रुंद करतेय."

"आता कुणाचं बीळ?"

"तुझ्या बहिणीचं."

दुसऱ्या दिवसापासून दोघी बहिणी सोबतीनं चालू लागल्या. बोलायचं खूप असे, पण त्राण कुणातच नसे.