ओचा माळ

कुरणवाडीच्या उगवतीला जो बोडका माळ दिसतो, त्याला ‘ओचा माळ’ म्हणतात. बाहेरून आलेले पाहुणे या नावाला हसतात. हसू द्या. वाडीतले म्हातारे केरूतात्या त्यांना पारावर बसवतात, पाणी देतात आणि ही गोष्ट सांगतात.

फार मागे इथे धुळा धनगर आणि त्याची बायको जक्का राहत, असे सांगतात. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. सासूने तिला बजावून ठेवलं होतं, “माळावनं कुणी नाव घिऊन हाक मारली, तर लगीच ओ द्यायची न्हाय. भूत दोनदाच हाक मारतं. तिसऱ्या हाकंला माणूस समजायचं.”

वैशाखातली दुपार होती. सकाळपासून नुसती तलखी. उन्हं कलली तसे उगवतीला ढग एकावर एक चढत गेले, बुडाला काळे पडले. मग गार वारा सुटला आणि धुळीने माळ भरून गेला. मेंढरांमागे गेलेल्या धुळाला घर कुठल्या अंगाला तेच कळेना. जक्काने ओ दिली असती, तर तो आवाजाच्या रोखाने उतरला असता. त्याने हाक मारली, “जक्के!”

जक्काने आवाज ओळखला होता. तरी ती दारात तोंड मिटून उभी राहिली. दुसरी हाक आली. ती तिसरीची वाट पाहत राहिली, आणि माळावर वीज कोसळली. संध्याकाळी मेंढरं तेवढी परतली.

तोवर म्हणे वीज आणि गडगडाट एकदमच होत. त्या वर्षापासून आधी उजेड, मागून आवाज. जक्का धुळाबद्दल सांगायची, “आदी त्वांड दावत्यात, मग हाक मारत्यात. मी भ्याले व्हते न्हवं.”

दर वळवाला ती माळाच्या पायथ्याशी जाऊन ओ द्यायची. पण वळीवच तो, जवळ येऊन वळून जायचा. उजेडामागून हाक कधी चार श्वासांनी यायची, कधी दहा. एकदा तरी त्याने अगदी जवळ यावं, एवढंच तिला हवं होतं. त्यात तिचे केस पिकले.

एका वैशाखात उजेड आणि हाक या दोहोंमध्ये श्वासाचंही अंतर उरलं नाही. तिची ओ तेवढी साऱ्या वाडीने ऐकली; ती परतली नाही.

आजही गडगडलं की कुरणवाडीची माणसं गुरं-पोरं आत घेतात आणि घराघरांतून ओ देतात. नव्या सुनेला सासू सांगते, “आपल्या माणसाचा आवाज वळखलास ना? मग दुसऱ्या हाकंची वाट बघू नगंस.”