कुलपातली शिळा

“दोन हजार वर्षं जागची हलली नाही, मग माझ्या दोन वर्षांत कशी कलली, बाबा?”

लालसूबाबा कुंपणाबाहेर उकिडवे बसून तंबाखू मळत राहिले.

केतकीने कल मोजायला ओळंबा धरला होता. समोर तीन पुरुष उंचीची उभी शिळा, कुणा विसरलेल्या पूर्वजाच्या नावाने रोवलेली. गेल्या खेपेला ती बोटभर कलली होती, आज वीतभर. सोमवारी वारसा समिती पाहणीला येणार होती. पण समितीपेक्षा तिला वाऱ्याची धास्ती होती. शिळा पडली तर दुभंगणार, आणि मग वारसा म्हणून जपायला उरणार काय, कपाळ?

विद्यार्थिनी असताना ती याच म्हाताऱ्याच्या मागे मागे हिंडून दगड ओळखायला शिकली होती. पुढे पुरातत्त्व खात्यात साहेबीण झाली. तेव्हा गुरूला न विचारताच तिने तारेचं कुंपण घातलं, फाटकाला कुलूप लावलं, ‘आत येण्यास मनाई’ची पाटी ठोकली. अहवालात मोठ्या दिमाखात लिहिलं की, पीक घरात आल्यावर गाव शिळेभोवती दिवसभर नाचतो, त्याने शिळेला धोका आहे.

नाच बंद झाला.

तिने फाटक उघडलं. “आत या ना, बाबा.”

त्यांनी पाटीकडे बोट दाखवलं आणि बसूनच राहिले.

“मग तिथूनच सांगा. सिमेंट ओतू? टेकू लावू?...”

बाबांनी तारेतून हात घालून मूठभर माती उचलली आणि तिच्या ओंजळीत टाकली. माती भुसभुशीत होती, पिठासारखी बोटांतून गळून गेली.

मग ते उठले. फाटकाबाहेरच्या पायवाटेवर त्यांनी अनवाणी टाच आपटली. वाट घट्ट होती, टाचेचा ठसाही उमटला नाही.

केतकी त्या टाचेकडे बघत राहिली... अहवालातलं नाचाबद्दलचं ते वाक्य तिला आठवलं. तिने बूट काढले, शिळेच्या बुडाशी गेली आणि माती तुडवू लागली. साहेबीणपणाची लाज आता कुठली वाटायला. माती दबली, पण फारच थोडी.

“एकटीने किती दबणार, बाबा?” तिला रडू येत होतं. “सोमवारपर्यंत...”

“सोमवारी किती जन येतेत, बाई?”

“पाच.”

लालसूबाबांनी तिचे बूट उचलून फाटकाबाहेर नीट मांडले.

“त्याहीले बी जोडे इथंच काढाले सांगजा.”